भिंतीवरचा निळा घोडा: फ्रान्झ मार्कच्या चित्राची चांगली प्रिंट कशी घ्यावी

मी विकत घेतलेल्या पहिल्या प्रिंटमधला घोडा जांभळा निघाला. ऑर्डर देताना मोबाइलवर तो चांगला निळा दिसत होता. खोक्यातून बाहेर आला तो वांग्याच्या रंगाचा. वर कॅनव्हासवर छापलेला, आणि कडेच्या टेकड्या लाकडी चौकटीवरून मागे दुमडून खिळ्यांखाली गेलेल्या. आठ दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की एक्स्प्रेशनिझममध्ये, म्हणजे दिसतं तसं न काढता भावनेप्रमाणे रंगवणाऱ्या शैलीत, रंगांचं असंच असतं. तसं नसतं. ज्या चित्रकाराने कुठला रंग का वापरला हे लिहून ठेवलंय, त्याचं तर मुळीच नसतं.

त्यानंतर चार-पाच प्रिंट घेतल्या, दोन बिघडवल्या, फ्रेमवाल्याशी वाद घातले. त्यातून जे कळलं ते पहिल्यांदाच प्रिंट घेणाऱ्यासाठी क्रमाने लिहितो आहे. उदाहरण एकच धरलंय: जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कचं ‘निळा घोडा १’.

पहिलं काम: चित्र ओळखून घ्या

दुकान, कागद, माप हे सगळं नंतर. आधी चित्रासमोर बसा, पडद्यावर का होईना.

‘निळा घोडा १’ हे १९११ सालचं, कॅनव्हासवरचं तैलचित्र. उंची ११२ सेंटिमीटर, रुंदी ८४.५. म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. एक तरुण घोडा जवळजवळ समोरून उभा, मान किंचित कललेली, लाजऱ्या मुलासारखी. आयाळ आणि खूर गडद निळे, छाती मात्र इतकी फिकी की कुठे कुठे पांढरी वाटावी. मागे टेकड्या: लाल, पिवळ्या, जांभळट. घोड्याच्या अंगाचे गोल आणि टेकड्यांचे गोल एकमेकांना उत्तर देतात. हे एकदा दिसलं की चित्राची कड कापणं किती वाईट ते सांगावं लागत नाही.

मार्क म्युनिकचाच. जन्म ८ फेब्रुवारी १८८०. वडील विल्हेल्म मार्क निसर्गचित्रकार. १९१० च्या जानेवारीत ऑगस्ट माके हा तरुण चित्रकार त्याला भेटायला आला आणि दोघांची गट्टी जमली. माकेच्या बायकोचे काका, बर्लिनचे उद्योगपती बर्नहार्ड क्योलर, यांनी मार्कला दरमहा ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, बदल्यात चित्रं. पोटाची चिंता थोडी मिटली आणि त्याच काळात रंग सुटले. ‘निळा घोडा १’ पुढे १९६५ साली लेनबाखहाउसला मिळाला तो क्योलर यांच्याच नावाच्या संस्थेकडून.

प्रिंट घेणाऱ्याने एक गोष्ट पाठच करावी. डिसेंबर १९१० मध्ये मार्कने माकेला लिहिलेल्या पत्रात रंगांची वाटणी केली आहे. निळा म्हणजे पुरुषतत्त्व, कठोर आणि आध्यात्मिक. पिवळा म्हणजे स्त्रीतत्त्व, सौम्य, आनंदी, इंद्रियांना सुखावणारा. लाल म्हणजे जड द्रव्य, दांडगट, ज्याच्याशी बाकीच्या दोघांनी झुंजायचं. यातल्या स्त्री-पुरुष वाटणीवर आज कोणीही वाद घालेल, आणि घालावाच. पण निळ्यात नकळत लाल मिसळला की काय होतं ते बघा: घोडा जांभळा होतो. म्हणजे ज्याच्याशी झुंजायचं तोच घोड्याच्या अंगात शिरला. माझ्या त्या पहिल्या प्रिंटमध्ये नेमकं हेच झालं होतं. छापखान्यातली साधी चूक, पण चित्राचा अर्थ उलटा.

डिसेंबर १९११ मध्ये मार्क आणि रशियन चित्रकार वासिली कांदिन्स्की यांनी म्युनिकच्या थानहाउझर गॅलरीत ‘डेर ब्लाउए राइटर’, म्हणजे ‘निळा घोडेस्वार’, या नावाने पहिलं प्रदर्शन भरवलं. नाव कसं पडलं याबद्दल कांदिन्स्कीने नंतर गमतीने लिहिलं की निळा दोघांनाही आवडायचा, मार्कला घोडे आवडायचे आणि मला स्वार, नाव आपोआपच ठरलं. पुढे पहिलं महायुद्ध आलं. ४ मार्च १९१६ रोजी फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळ तोफगोळ्याच्या कपचीने मार्कचा मृत्यू झाला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. गेला तेव्हाही टेहळणीसाठी घोड्यावरच होता.

मार्कची कुठली चित्रं निवडावीत, कुठली जपून

‘निळा घोडा १’ उभं चित्र आहे. सोफ्यामागच्या लांब भिंतीवर ते एकटं पडतं. तिथे ‘मोठे निळे घोडे’ बघा. तेही १९११ चंच, अमेरिकेत मिनिॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये आहे. १०५.७ बाय १८१.१ सेंटिमीटर, म्हणजे आडवं. ३६ इंच रुंद प्रिंट काढली तर उंची २१ इंच येते. मुलांच्या खोलीत न्यू यॉर्कच्या गुगेनहाइमची ‘पिवळी गाय’ लावा. ती मागचे पाय उडवत चक्क बागडते.

दोन चित्रांबाबत मात्र आधी माहिती हवी.

‘प्राण्यांचं प्राक्तन’ (१९१३, सध्या बासेलच्या कुन्स्टम्युझियममध्ये) पाहिलंत तर उजवीकडचा साधारण एक तृतीयांश भाग तपकिरी, मळकट दिसेल. प्रिंट खराब निघाली असं समजून परत करू नका. मार्कच्या मृत्यूनंतर गोदामाच्या आगीत तो भाग जळाला होता आणि त्याचा मित्र पाउल क्ले याने नंतर तो पुन्हा रंगवला, पण मूळचे झळझळीत रंग न वापरता मुद्दाम मंद ठेवून. जखम दिसू दिली. कोणी तो भाग संगणकावर ‘सुधारून’ देऊ लागला तर नमस्कार करून निघा.

दुसरं ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’, १९१३, दोन मीटर उंच. बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातून नाझींनी ते काढलं आणि १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ या बदनामीच्या प्रदर्शनात टांगलं. मार्क जर्मनीसाठी लढताना मेलेला सैनिक, त्याचं चित्र तिथे कसं, अशी माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली तेव्हा ते उतरवलं गेलं. मग नाझी नेता गोरिंगने ते बळकावलं आणि १९४५ नंतर त्याचा पत्ता नाही. मुद्दा असा, की या चित्राचा आजच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो असूच शकत नाही. जी काही प्रिंट मिळते ती जुन्या रंगीत छापील प्रतींवरून आलेली. ‘मूळ चित्रावरून नव्याने स्कॅन केलेली’ असं कोणी लिहिलं असेल तर तो खोटं बोलतो आहे.

हक्कांचं काय?

भारतात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. मार्क १९१६ ला गेला, म्हणजे केव्हाच मोकळा. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक १९४४ ला गेला, तोही मोकळा. मार्कच्याच गटातली गाब्रिएले म्युंटर १९६२ ला गेली: भारतात तिची चित्रं २०२२ च्या अखेरीस खुली झाली, जर्मनीत मुदत सत्तर वर्षांची असल्याने २०३२ पर्यंत थांबायचं. जर्मनीत राहणाऱ्या भाच्याला भेट पाठवणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आपल्याकडच्या चित्रकाराचं उदाहरण घ्यायचं तर फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यातल्या साळगावचा, जे. जे. स्कूलमधून काढून टाकलेला, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक. रेषेचा असा दणका दुसऱ्या कोणाचा नाही. पण तो २००२ ला गेला, त्यामुळे त्याची चित्रं २०६२ संपेपर्यंत वारसांच्या हक्कात आहेत. परवानगीशिवाय छापलेली सूझाची स्वस्त प्रिंट दिसली तर घेऊ नका.

आता शब्दांचा घोळ. ‘प्रिंट’ शब्द दोन अर्थांनी वापरतात. मार्कने स्वतः लाकडी ठोकळे कोरून छापे काढले. ती त्याची मूळ कलाकृती, तिची किंमत लिलावात ठरते. आपण बोलतोय ती तैलचित्राची छापील प्रत. तिच्याखाली पेन्सिलने ‘१२/५००’ असा आकडा असला तरी मार्कचा हात तिला लागलेला नाही. सोबतचं ‘सत्यतेचं प्रमाणपत्र’ फार तर कागद-शाईची हमी देतं. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

प्रत म्हणून तिला कमी लेखायचंही कारण नाही. १९४० च्या दशकात व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाचे कलाविभाग प्रमुख होते. त्यांच्या घरी जमणाऱ्या आरा, रझांसारख्या तरुण चित्रकारांना आधुनिक युरोपीय चित्रकला भेटली ती बरीचशी छापील प्रतींतूनच.

फाइल आणि माप

इथेच घोडं पेंड खातं. विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रसाठ्यावर एकाच चित्राच्या तीन-चार फाइली सापडतात आणि प्रत्येकीतला निळा वेगळा. ज्या संग्रहालयात चित्र आहे त्याच्या ऑनलाइन संग्रहातली प्रतिमा प्रमाण माना आणि त्याच्याशी ताडून बघा. वापराच्या अटीही वाचा; घरच्या भिंतीला चालते पण विकायला चालत नाही असं असू शकतं.

मग गणित. चित्राचं उंची-रुंदीचं प्रमाण ११२ भागिले ८४.५, म्हणजे सुमारे १.३३. आपल्याकडच्या ए-२ कागदाचं प्रमाण १.४१. दोन्ही जुळत नाहीत. दुकानदार म्हणेल, “थोडं कापलं की फुल बसतं, साहेब.” बसवू नका. ए-२ वर दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर पांढरी कड सोडा: चित्र ३४ बाय ४५ सेंटिमीटर येईल, वर-खाली सात-सात सेंटिमीटर उरतील. ही कड वाया जात नाही, फ्रेम करताना धरायला हीच जागा लागते.

४५ सेंटिमीटर म्हणजे पावणेअठरा इंच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर उंचीला सुमारे ५,३०० आणि रुंदीला ४,००० पिक्सेलची फाइल हवी. मार्कचे रंगाचे पट्टे रुंद असल्याने २०० नेही भागतं, म्हणजे ३,५४० बाय २,६८०. त्याहून लहान फाइल असेल तर प्रिंट लहान काढा. फाइल ‘एआय’ने मोठी करून घ्यायचा मोह होईल. ते सॉफ्टवेअर नसलेले ब्रशचे फटकारे तयार करतं. मला माझ्या भिंतीवर मार्क हवाय, यंत्राने मार्कसारखं काढलेलं काहीतरी नकोय.

कागद, शाई, आणि कॅनव्हास का नको

‘फाइन आर्ट प्रिंट’ हे नाव कोणीही कशालाही लावतो. ‘जिक्ले’ ऐकून दबून जाऊ नका. १९९१ मध्ये जॅक डुगान या अमेरिकन छपाईकाराने फ्रेंच क्रियापदावरून बनवलेला तो शब्द, मूळ अर्थ शाई फवारणं. म्हणजे इंकजेटच. दुकानात तीन प्रश्न विचारा: शाई पिगमेंटची (रंगाचे बारीक कण असलेली) आहे की डायची (विरघळलेल्या रंगाची)? कागद आम्लरहित आहे का, आणि शंभर टक्के कापसाचा का? छापण्याआधी त्या कागदाचं कलर प्रोफाइल, म्हणजे त्या कागद-शाईनुसार रंग जुळवणारी फाइल, लावता का?

पिगमेंट शाई हवी, डायची लवकर उडते. भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स ज्या मशीनवर निघतात त्यावर निघालेला घोडा चौकात शोभेल, घरात नाही. कागद जाड, मॅट (बिनचमकीचा), सुती, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपास. १५८४ पासून कागद बनवणाऱ्या जर्मनीच्या हानेम्यूलेचा ३०८ जीएसएमचा ‘फोटो रॅग’ मुंबई-पुण्यातल्या चांगल्या स्टुडिओंत सहज मिळतो, पण तोच हवा असं नाही. फार शुभ्र कागद टाळा. ती चकाकी बहुधा रसायनाची असते आणि काही वर्षांनी पिवळी पडते.

मॅट कागदावर गडद रंग थोडे मवाळ होतात. ‘निळा घोडा १’ ला ते चालतं, फिकी छाती उलट छान उतरते. ‘प्राण्यांचं प्राक्तन’सारख्या काळोख्या चित्राला मात्र हलकी चमक असलेला बरायटा कागद घ्या.

कॅनव्हासवर छापू नका हे माझं मत. मूळ कॅनव्हासवर आहे म्हणून प्रतही कॅनव्हासवर, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण एका विणीच्या फोटोवर दुसरी वीण येते, कडा मागे दुमडतात, आणि वर ‘ब्रशचा फील’ म्हणून पारदर्शक जेल फासणारेही आहेत. कागद निदान आपण प्रत असल्याचं लपवत नाही.

चाचणीचा तुकडा

संपूर्ण प्रिंटची ऑर्डर देण्याआधी ए-४ वर एक तुकडा काढून मागा. तुकडा कुठला ते तुम्ही सांगा: गडद आयाळ, फिकी छाती आणि मागची एखादी लाल टेकडी, तिन्ही त्यात यायला हवीत. खर्च थोडा वाढतो. मी पहिल्या वेळी वाचवला होता, परिणाम वर सांगितलाच आहे.

तो तुकडा घरी आणा. सकाळी खिडकीपाशी धरून बघा, रात्री आपल्या दिव्याखाली बघा. फोनचा उजेड पूर्ण वाढवून शेजारी धरून तुलना करू नका. पडदा आतून प्रकाश फेकतो, कागद फक्त परतवतो, त्यामुळे प्रिंट नेहमी थोडी गडदच वाटणार. तीन ठिकाणी नजर ठेवा. आयाळीत जांभळी झाक आहे का? गडद निळा इंकजेटवर जांभळ्याकडे झुकणं ही जुनी खोड आहे. फिक्या छातीत रंगाच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात का? आणि लाल टेकडी घोड्यापेक्षा पुढे उडी मारते का? मारत असेल तर लाल जास्त झालाय. हे सगळं शांतपणे छपाईवाल्याला सांगा. चांगला छपाईवाला ऐकतो आणि दुसरा तुकडा काढून देतो; जो ‘सगळ्यांना असंच देतो’ म्हणतो तिथून उठावं.

घेताना प्रिंट गुंडाळून रुंद नळकांड्यात, छापील बाजूला पातळ आम्लरहित कागद लावून घ्या. घरी आल्यावर दोन दिवस सपाट पडू द्या. बोट लावू नका. मॅट पृष्ठभागावरचा घामाचा डाग निघत नाही.

फ्रेमवाल्याकडे

इथे जास्तीत जास्त प्रिंट मरतात, म्हणून इथे थोडं भांडखोर व्हा. सवयीने फ्रेमवाला प्रिंट हार्डबोर्डवर गोंदाने पूर्ण चिकटवतो आणि वर थेट काच ठेवतो. पहिल्या पावसाळ्यात कागद फुगतो, काचेला चिकटतो, आणि मग सोडवताना शाईचा थर काचेवर राहतो. माझी एक अशीच गेली.

सांगायचं ते असं. माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावा, आम्लरहित, पाच ते आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे काच आणि कागद यांच्यात फट राहील. प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवा, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने. बाकी मोकळी लोंबू द्या, दमटपणात तिला पसरायला जागा हवी. पाठीमागे हार्डबोर्डच लावणार असाल तर मध्ये आम्लरहित पुठ्ठा घाला. मागची फट कागदी टेपने बंद करा, नाहीतर कसर आत शिरते, आणि कसरीला सुती कागद पुरणपोळीसारखा लागतो.

माउंटचा रंग साधा मोतिया पांढरा. फ्रेमची पट्टी बारीक, साध्या लाकडाची. सोनेरी नक्षीची पट्टी आजोबांच्या फोटोला ठेवा. अतिनील किरण अडवणारी काच महाग आहे. चित्रावर ऊन येत नसेल तर साधी चालते.

भिंत

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाचा मारा लागणारी बाहेरची भिंत टाळा. आतल्या खोलीची भिंत कोरडी राहते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. समोर पश्चिमेची खिडकी असेल तर जागा बदला. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाला बरोबर दिसतो. बैठकीच्या खोलीत सगळे बसूनच बघणार असतील तर हातभर खाली आणा.

दिवा पिवळा असेल, २७०० केल्विनचा, तर रात्री निळा मरगळतो. ४००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा, म्हणजे खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेला एलईडी लावा. त्या खोलीतल्या माणसांना तो फार पांढरा वाटेल अशी तक्रार येईल. आमच्या घरी आली. तडजोड म्हणून चित्रावर वेगळा छोटा दिवा लावला आणि बाकी खोली पिवळीच ठेवली.

शेवटी फ्रेम बंद होण्याआधी प्रिंटच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने लिहा: फ्रान्झ मार्क, निळा घोडा १, १९११, लेनबाखहाउस, म्युनिक, खाली कागदाचं नाव, शाई, छापल्याची तारीख. बॉलपेन नको, पुढून उमटतो. माझा तो जांभळा घोडा अजून आहे, बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात. त्याच्या मागे चित्राच्या नावापुढे मी कंसात लिहून ठेवलंय: रंग चुकला.